गाडी किती हळू चालते?

४ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पुढे कुठे लिहिलं तर तू पत्र अर्धवट ठेवून पाणी तापवायला उठशील. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आधी उजवा डोळा, थंडी सरल्यावर डावा. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकलाय, आणखी लांबवलंत तर उजव्याची मी खात्री देत नाही, असं ते म्हणाले. वर तुझ्या गावी तपासायला आले होते तेच हे डॉक्टर. त्यांचं यंत्र मात्र खालीच आहे. म्हणजे तुला घाट उतरून यावं लागणार.

तू म्हणशील, मी गाडीत बसत नाही. ते मला ठाऊक आहे. चढावर चिखलात बस मागे घसरली, तू वर्गातली सगळी पोरं घेऊन खाली उतरलीस आणि त्यानंतर कसल्याही चाकावर पाय ठेवला नाहीस. त्या दिवशी कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तुझ्या मनातली बस अजून घसरतेच आहे. इतकी वर्षं तू पायी खाली यायचीस, मी काही बोललो नाही. आता गुडघे नको म्हणतात आणि वाट दिसत नाही.

म्हणून आता नीट ऐक. आमच्या मॅडमनी नवी गाडी घेतली आहे. कारखान्याच्या कामाला लांब लांब जावं लागतं, म्हणून मोठी आणि ताकदीची. मला तीन दिवस गाडीच्या कंपनीत शिकायला पाठवलं होतं. तिथल्या तरुण इंजिनिअरने दिलेला कागद समोर ठेवूनच लिहितोय. चार लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, दोन टर्बो. ताकद पाचशे साठ घोड्यांची. उभ्या जागेवरून शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत. अडीचशेच्या पुढे गाडी स्वतःच स्वतःला थांबवते, नाहीतर कुठवर गेली असती देव जाणे. आठ गिअर, आणि ते गाडीच टाकते, मी नुसता बसलेला.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या बसची मागचीच दोन चाकं जोर लावायची, पुढची नुसती बरोबर फरफटत यायची. हिची चारही चाकं जोर लावतात. एक घसरलं की त्याच्या वाटणीची ताकद पापणी लवायच्या आत बाकीच्यांकडे जाते. हे वाचून मला पहिल्यांदा तूच आठवलीस.

उत्तर लगेच लिही. घरच्यांचा नमस्कार.

तुझा छोट्या

१३ ऑगस्ट

चि. छोट्या, आशीर्वाद.

पत्र पोचलं. नर्सबाईंनी वाचून दाखवलं, कारण तुझं अक्षर चौथीत होतं तिथेच आहे.

पाचशे साठ घोडे! मला चाळीस पोरं एका रांगेत कधी धरता आली नाहीत. आणि चार सेकंदांत शंभर म्हणजे काय रे? तेवढ्या वेळात मला पायाने चप्पलसुद्धा सापडत नाही. तू धीर द्यायला लिहिलंस हे समजतं, पण वाचता वाचता नर्सबाईंचाच हात छातीवर गेला. मी म्हटलं, बाई, तुम्ही कशाला घाबरता, तुम्हाला कोण नेतंय!

तू सगळं लिहिलंस. ती किती पळते, किती लवकर पळते, कुठवर पळते. मला एवढंच सांग, ती किती हळू चालते? सर्वांत जास्त वेग लिहितात तसा सर्वांत कमी वेगही त्या कागदावर असेलच की. शोध आणि लिही. पट्टीची दोन्ही टोकं दाखवल्याशिवाय माप पुरं होत नाही, हे मी तुलाच शिकवलंय.

डॉक्टरांना सांग, मी बरी आहे. मला दिसतं.

ताई

२५ ऑगस्ट

ती. ताई, नमस्कार.

कागदावर नाही. पुढून मागून सगळा वाचला. चाकाच्या नटाला किती पीळ द्यायचा तेही लिहिलंय, पण गाडी किती हळू चालते ते कुठेच नाही. शेवटी त्या इंजिनिअरला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "काका, ही गाडी विकायला लागल्यापासून हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तुम्हीच बघा आणि मलाही सांगा."

म्हणून मीच बघितलं. कारखान्याच्या मागे माल चढवायचा लांब उतार आहे. गाडी वर नेली, उतारावर वेग धरून ठेवायचं बटण दाबलं आणि दोन्ही पाय उचलून मांडी घातल्यासारखा बसलो. गाडी आपली आपण उतरायला लागली. ब्रेक तीच लावते, तीच सोडते, आणि प्रत्येक चाकाला वेगळा. खरं सांगतो, पाय मोकळे ठेवून उतार उतरताना मला माझ्याच पायांचं काय करावं ते कळेना. देवाचं नाव घेत बसलो.

वॉचमनकाका काठी टेकत शेजारून चालत होते. सत्तरीला आलेले. अर्ध्यावर ते पुढे गेले आणि वळून मला म्हणाले, "ढकलू का?"

तर ताई, ही गाडी वॉचमनकाकांपेक्षा हळू चालते. हे लिहून घे.

आणखी एक सांगायचं राहिलं. नवं इंजिन सुरुवातीला पळवायचं नसतं. पहिले दीड हजार किलोमीटर ते नरमाईने चालवून बसवावं लागतं. जोर द्यायचा नाही, एका वेगाने रेटायचं नाही, थोडे चढ, थोडे उतार असं सगळं दाखवायचं. मॅडमनी ते काम माझ्यावर सोपवलंय. पाचशे साठ घोडे आहेत खरे, पण सध्या सगळे बालवाडीत आहेत. तू येणार असशील तर त्यांना घाट दाखवून आणतो. तोवर मी जपून फिरवतोय, पण रोजच्या कामात किलोमीटर संपतच असतात. ते संपले की मॅडम गाडी घेऊन लांबच्या दौऱ्यावर निघणार.

एक विचारू का? तुझ्या पत्रातल्या सगळ्या उकारांचे पाय कापले गेलेत. ओळीखाली फूटपट्टी ठेवून लिहितेस ना? ओळ दिसत नाही म्हणून?

छोट्या

६ सप्टेंबर

चि. छोट्या,

फूटपट्टी ही माझी जुनी सवय आहे. तू उकार मोजू नकोस, किलोमीटर मोज.

वॉचमनकाकांचं वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. माणसाच्या मागे राहणारी गाडी मी पहिल्यांदाच ऐकली.

तरी शंका आहेत. पहिली, इंजिन नवं म्हणजे ब्रेकही नवे. इंजिनाला बसायला वेळ लागतो, तर ब्रेकला लागत नाही का? बालवाडीतल्या ब्रेकवर मला घाट उतरवणार आहेस?

दुसरी. मोठ्या माणसांच्या गाड्या जमिनीलगत असतात असं नर्सबाई म्हणतात. त्यांच्या जावयाची तशीच आहे म्हणे, आमच्या पुलापाशी सोडून तो पायी वर येतो. हिचं पोट जमिनीपासून किती उंच आहे?

तिसरी. मालकिणीला विचारलंस का? इंजिन बसवून आण असं त्या म्हणाल्या असतील. बहिणीला बसवून आण असं म्हणाल्या का? न विचारता आणलेल्या गाडीत मी बसणार नाही, मग तिला आठ चाकं असली तरी.

ताई

१७ सप्टेंबर

ती. ताई, नमस्कार.

ब्रेकचं तू बरोबर पकडलंस. नव्या ब्रेकलाही घासून बसावं लागतं. ते मी केलंय. मोकळ्या रस्त्यावर मधल्या वेगातून हलके हलके पुन्हा पुन्हा आवळले, मध्ये गार होऊ दिले. पुढच्या चकत्या लहान परातीएवढ्या आहेत. गाडीचं वजन दोन टनांच्या वर, तिला धरायला तेवढ्या लागतातच. आता ब्रेकबद्दल तू निर्धास्त राहा.

पोटाचं खरं ते लिहितो. बारा सेंटिमीटर. स्प्रिंगांच्या जागी हिच्यात हवेच्या पिशव्या आहेत, बटण दाबलं की गाडी अंग उचलते, पण दोनच सेंटिमीटर. म्हणजे चौदा. हवेच्या पिशव्यांची करामत बघण्यासारखी आहे. मागे कुणी जड माणूस बसलं की गाडी क्षणभर खाली जाते आणि आपसूक पुन्हा वर येते, जणू उठून नमस्कार करते. खड्डा येणार हे पुढचा कॅमेरा आधी बघतो आणि त्या चाकाची पिशवी सैल करतो. मागची चाकंसुद्धा थोडी वळतात, त्यामुळे एवढी लांब गाडी असून तुमच्याकडच्या वळणांना एका दमात वळेल.

मॅडम बाहेरगावी आहेत.

छोट्या

२६ सप्टेंबर

छोट्या,

हवेच्या पिशव्यांवर पानभर लिहिलंस आणि मालकिणीवर तीन शब्द. बाहेरगावी माणसाला फोन लागत नाही का?

चौदा सेंटिमीटर म्हणजे माझ्या वितीहून कमी. पुलापासून घरापर्यंत त्याहून उंच किती दगड आहेत ते मला पाठ आहे, रोज पायांना लागतात. नळाच्या वळणावर एक आहे. पडक्या भिंतीपाशी दोन. ट्रकच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चर पडलेत आणि मधली माती उंच राहिली आहे, ती तर लांबलचक. मोठी शिळा वेगळीच. तुझी गाडी पुलाच्या वर येत नाही. आणि पुलापर्यंतचा उतार आता मला चालवत नाही, तेही खरं आहे.

जिवाला लावून घेऊ नकोस.

ताई

५ ऑक्टोबर

ती. ताईस,

मॅडमना विचारलं. आधी विचारलं नाही, कारण नाही म्हणाल्या असत्या तर तुला काय लिहायचं ते सुचत नव्हतं. त्या फायलीत डोकं घालून बसल्या होत्या. मी आढेवेढे घेत अर्धा रस्ता आलो तेवढ्यात म्हणाल्या, "बहिणीला आणायचंय, एवढंच ना? मग गाडी धुऊन झाली असं सांगतोस तसं सरळ सांग की! आण. आणि चढाला ती कशी ओढते ते मला येऊन सांग, विकणाऱ्याचं सोड." मी बाहेर येऊन बराच वेळ गाडीच्या टपाला हात लावून उभा होतो. देव माणसांच्या तोंडून बोलतो असं म्हणतात, पण तो इतक्या घाईत बोलतो हे ठाऊक नव्हतं.

पण आता त्याचा उपयोग काय? पुलाच्या वर येत नाही असं तू लिहून मोकळी झालीस. काल नर्सबाईंचा फोन आला. तू रोज सकाळी रस्त्यावर जाऊन प्रत्येक दगडापाशी बसतेस, हात लावून लावून मोजतेस, असं त्या म्हणाल्या. ताई, मला ते ऐकून वाईट वाटलं. गाडीची माणसं आकडे देतात, तशी तू दगडांचे आकडे देतेस. यायचं नसेल तर येत नाही म्हण. दगडाआड बसू नकोस. मी तुला उचलून आणू शकत नाही, आणि तू दिसेनाशी होताना वरच्या गावात एकटी चाचपडत बसली आहेस हे मला इथे सहन होत नाही.

एका फेरीपुरतेच किलोमीटर उरलेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मॅडमना गाडी लागत नाही. त्यानंतर ती दौऱ्यावर जाईल, आणि ती परत येईपर्यंत डॉक्टरांची तारीख टळलेली असेल. तू काय ते कळव.

छोट्या

१२ ऑक्टोबर

वेड्या,

मी दगड मोजत होते ते तुला नाही म्हणायला नव्हे. काढून टाकायला.

चौदा सेंटिमीटर तू लिहिलंस तेव्हा नर्सबाईंकडून तेवढाच लाकडाचा ठोकळा कापून घेतला. मला दिसत नाही, हो, दिसत नाही, लिहिलं एकदाचं. दिवा आणि खिडकी यांतला फरक कळतो, एवढंच. म्हणून ठोकळा दगडाशेजारी उभा करायचा आणि वरून तळहात फिरवायचा. हात ठोकळ्यावर सपाट टेकला तर दगड राहील. मध्ये दगड लागला तर दगड जाईल. रस्त्याचा मुकादम माझ्या हाताखाली शिकलेला. त्याला म्हटलं, हा, हा आणि हा. तो म्हणाला, "बाई, वरून लेखी हुकूम लागतो." मी म्हटलं, "तुला पाढे शिकवताना मी हुकूम मागितला होता का?" दुसऱ्या दिवशी पहार आणि चार माणसं घेऊन आला. मधली माती त्यांनी फावड्याने ओढून चरात भरली. मोठी शिळा काही हलली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना खडी टाकून, ठोकून, लांबट उतार केलाय. तो मी स्वतः बसून चाचपला आहे.

त्या पत्रात येते असं लिहायचं धाडस झालं नव्हतं. रस्ता झाला नसता तर शब्द खोटा पडला असता. आणि खरं म्हणजे रस्ता होईपर्यंत मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

मालकिणीला विचारलंस, चांगलं केलंस. त्यांच्या घाईला देव बळ देवो.

रविवारी ये. मी मागे बसेन. वॉचमनकाकांच्या चालीने उतरायचं. वाटेत मला धीर द्यायचा नाही, घोडे मोजून दाखवायचे नाहीत. आणि गाडी उठून नमस्कार करते म्हणालास, ते जमल्यास पाहीन.

ताई

३० नोव्हेंबर

चि. छोट्या, अनेक आशीर्वाद.

तू मला सोडून गेलास त्याला आठवडा झाला. औषधाचे थेंब वेळेवर घालते आहे. हे पत्र फूटपट्टीशिवाय लिहिते आहे. तुझं मागचं एक पत्र काढून आज स्वतः वाचलं. नर्सबाई एवढे दिवस ते वाचत होत्या, त्यांच्याबद्दल मनात आदर वाढला.

खाली असताना तुझ्या घरात एवढी माणसं, एवढी गडबड, की बोलायचं ते बोलणं झालंच नाही. आता निवांत लिहिते.

उतरताना मी डोळे मिटून घेतले होते. उघडे ठेवून तरी काय होणार होतं! शिळेवरून गेलो तेव्हा पोटाला खडीसुद्धा लागली नाही, ते मी कान देऊन ऐकलं. मग जरा सैलावले. आणि नेमका तेव्हाच पडक्या भिंतीच्या खाली तो ट्रक समोरून वर आला. भरलेला होता. त्याचा आवाज मला तुझ्या आधी ऐकू आला. चढणाऱ्याला वाट द्यायची असते हे मलाही कळतं. तू थांबलास, गाडी टीं टीं करायला लागली आणि मागे जाऊ लागली.

छोट्या, त्या दिवशीची बसही अशीच मागे गेली होती. तोच चढ, रात्री पडलेल्या पावसाचा तसाच चिखल. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला. खालून एक चाक गुरगुरलं, जागच्या जागी फिरलं, ते मला पाठीतून कळलं. ओरडायला तोंड उघडलं होतं, एवढ्यात तू म्हणालास, "ताई, मागचं डावं सुटलं, बाकी तिघांनी धरलंय." तुला बोलायचं नाही असं बजावलं होतं, तरी बोललास. धीर दिला नाहीस, जे झालं तेच सांगितलंस. आणि मग मला उमगलं. आपण मागे जात होतो खरे, पण वर जात होतो. हळू, बेताने, चढावर पाठमोरे. घसरणाऱ्या गाडीत माणूस पुढे झुकतो की मागे, हे मी इतकी वर्षं अंगात बाळगून होते. या खेपेला अंग तसं झुकत नव्हतं. ट्रकवाला शेजारून गेला, तू काच खाली करून त्याला काहीतरी म्हणालास, तो हसला. मला तेव्हा हसायला जमलं नाही. आता लिहिताना हसते आहे.

त्यानंतर तुला मी जरा वेग वाढवायला सांगितलं ते भीतीने नव्हे. उगाच वॉचमनकाकांचा मान ठेवत बसलो तर दिवस जायचा, असं वाटलं.

थंडी सरली की डाव्या डोळ्यासाठी येईन. मालकिणीची गाडी तेव्हा दौऱ्यावर असेल तर बसने येईन. कंडक्टरला विचारून ठेवलंय, पुढची खिडकी देईन म्हणाला.

आता तक्रार. शेवटच्या तपासणीनंतर दवाखान्यातून मला थेट वर आणलंस त्या दिवशी दौऱ्यावरून परतलेली गाडी दारात उभी होती. पट्टी निघाली होती, ऊन पडलेलं होतं आणि मी पायरीवरच थांबले. तुला वाटलं चक्कर आली, तू हात धरलास. मला चक्कर आली नव्हती. एवढे कागद वाचलेस, एवढी पत्रं लिहिलीस, इंजिन लिहिलंस, चाकं, ब्रेक, हवेच्या पिशव्या, नटाचा पीळसुद्धा लिहिलास. गाडी निळी आहे हे तू एकाही पत्रात लिहिलं नाहीस.

ताई